अब्रानच्या कुरणापुरता परवाना

एलोइदाने दिराच्या फाटकापाशी गाडी थांबवली, तेव्हा शेजारच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं पोसोलेचं, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या रश्शाचं, भांडं होतं. दोन घरांमध्ये फक्त एक ओढा. रोज सकाळी भांडी घासताना अब्रानच्या धुराड्यातला धूर तिला खिडकीतून दिसायचा. पण त्या फाटकातून आत जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. लुसियाला, म्हणजे अब्रानच्या बायकोला पुरलं त्या दिवशी ती शेवटची आली होती, आणि तेव्हाही फर्मिन, तिचा नवरा, बाहेर रस्त्यावर गाडीतच बसून राहिला होता.

कोठाराजवळ ट्रॅक्टरच्या पोटाखालून दोन बूट बाहेर आले होते. कुत्रं भुंकलं.

"कोण आहे?" ट्रॅक्टरखालून आवाज आला.

"मी आहे. बाहेर ये. तुझ्या बुटांशी बोलायला नाही आले मी."

अब्रान घसरत बाहेर आला. ग्रीसने माखलेले हात हवेत तसेच धरून तो तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी?" आणि मग त्याचा चेहरा एकदम उतरला. "फर्मिन...?"

"आहे. जिवंत आहे, शिव्या घालतोय. आत चल, हे गार होतंय."

स्वयंपाकघरात तिने भांडं ठेवायला जागा शोधली, ती सापडेना. टेबलावर जुन्या बॅटऱ्या, गाईंच्या औषधाच्या बाटल्या, एक खोगीर. तिने खोगीर उचलून जमिनीवर टाकलं.

"हे घर आहे की कोंबड्यांचं खुराडं? कोंबड्यासुद्धा नाक मुरडतील."

"एकट्याला किती लागतं, वहिनी." अब्रान हात धूत होता. पाठमोरा असताना तो हुबेहूब फर्मिनसारखा दिसे, तेच वाकलेले खांदे, मानेवर तोच भोवरा. ती लग्न होऊन ला होया गावात आली तेव्हा हा शाळेत जात होता. शर्टाची बटणं तिने लावून दिली होती त्याच्या.

त्याने वाडगाभर पोसोले वाढून घेतला आणि उभ्याउभ्याच खायला लागला. एलोइदाने त्याला दोन घास खाऊ दिले.

"तुला यंदा टॅग लागलाय म्हणे."

अब्रानचा चमचा थांबला. "दुकानात बोलत असतील."

"बोलत होते. मी पीठ घ्यायला गेले होते, कान घेऊनच गेले होते."

टॅग म्हणजे एल्क, घोड्याएवढं रानहरीण, मारायचा परवाना. मारलेल्या नराच्या शिंगाला बांधायचा तो कागद. पण ला होयाच्या खोऱ्यात तो शब्द लोक असा उच्चारत, जसा दुसरीकडे कोणी जमिनीचा किंवा नोकरीचा उच्चारेल. सरकारी सोडत दर वसंतात निघे. सगळं खोरं नावं घाले आणि बहुतेकांच्या हाती काही लागत नसे. दुसरी वाट होती ती जमीनमालकांची. ज्यांच्या कुरणात एल्क चरतात, गवत तुडवतात, कुंपणं मोडतात, त्यांना सरकार त्या बदल्यात टॅग देई, आणि मालकाने तो हव्या त्या माणसाला द्यावा. मोठमोठ्या रँचना असे टॅग ढिगाने मिळत. अब्रानसारख्या ओढ्याकाठच्या तुकडेवाल्यांची वेगळी सोडत निघे, कधी नशीब उघडे, कधी नाही. त्यातही त्याच्या टॅगवर अट होती: शिकार फक्त याच कुरणात. कुंपणापलीकडे तो कागद कवडीमोल.

"तो गेलाय कधीच," अब्रान म्हणाला. "दरवेळी एकच माणूस घेतो. ह्यूस्टनचा. शब्द दिलाय मी त्याला."

"तो दातांचा डॉक्टर?"

"हं."

"मग एक दात उपटला म्हणून मरत नाही तो. त्याला सांग, यंदा नाही."

"वहिनी, त्या पैशावर माझ्या जनावरांचा हिवाळा निघतो."

"माहीत आहे. म्हणून तर मांस घालून पोसोले आणलाय, नुसत्या बटाट्यांचं कालवण नाही आणलं." मग तिचा थट्टेचा सूर उतरला. तिने टेबलाची कड धरली. "फर्मिनचे डॉक्टर म्हणाले, पुढची पानगळ धरू नका. त्याला काही नको झालंय, अब्रान. जेवण नको, टीव्ही नको. परवा म्हणाला, बाबा लटकवायचे तसं मांस एकदा कोठारात लटकलेलं बघायचंय. घरचं. स्वतः आणलेलं. तेवढं एकच म्हणाला."

अब्रानने वाडगा खाली ठेवला.

"त्यानं पाठवलंय तुम्हाला?"

"त्याला कळलं तर तो मला याच भांड्यात उकळेल."

"तो माझ्या कुरणात पाय ठेवणार नाही."

"ते माझ्यावर सोड."

त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. भांडं धुऊन परत दिलं. एवढ्या वर्षांत त्याच्या घरात एखादं भांडं नीट धुतलं गेलं असेल तर ते हेच, असं तिला वाटलं.

त्या आठवड्याच्या शेवटी ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या जेवणाचे ट्रे आवरत होती. मागच्या दाराशी अब्रान येऊन उभा राहिला. टोपी हातात. त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. "नंबर आहे यावर. त्याच्या नावानं परवाना काढून घ्या. नाव नीट घाला, मग बदलता येत नाही." ती काही बोलायच्या आत तो वळून निघालासुद्धा होता.

*

फर्मिन माएस्तास तरुणपणी डोंगरापलीकडच्या खाणीत उतरला होता, आणि ती धूळ त्याच्या छातीत राहून गेली होती. खाण बंद पडल्यावर तो वाटाड्या झाला. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना एल्क दाखवायचा. त्यांच्यासाठी घोडे लादायचे, पहाटे अंधारात चूल पेटवायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, माजावर आलेल्या नराची शीळ गळ्यातून हुबेहूब काढायची. त्याच्या शिळेला उत्तर देत किती नर झाडीतून बाहेर आले आणि परक्यांच्या बंदुकीपुढे उभे राहिले, याला गणती नव्हती. ते लोक मालकांकडून टॅग घेऊन येत. फोटो काढत, शिंगं घेऊन जात, फर्मिनच्या पाठीवर थाप मारत. कितीदा तरी मांसही टाकून जात, तेव्हा तो ते घरी आणायचा. पण ते दुसऱ्याचं जनावर असे. एलोइदा मिरचीत शिजवायची, तो खायचा, आणि दरवेळी म्हणायचा, "चांगलं आहे." त्या "चांगलं आहे"ला चव नव्हती, हे तिला कळायचं.

स्वतःसाठी तो दर वसंतात सोडतीत नाव घालायचा. उभ्या आयुष्यात त्याला इतक्या कमी वेळा टॅग लागला की त्या प्रत्येक पानगळीची गोष्ट त्यांच्या, आता लग्न होऊन गेलेल्या, पोरींना पाठ होती.

वडिलांच्या मागे घर आणि सफरचंदांची वाडी फर्मिनकडे आली, ओढ्याकाठचं कुरण आणि वरचा माळ अब्रानकडे. वरच्या माळावर वडील मेंढ्या घेऊन राहायचे. दोघं भाऊ तिथंच चालायला शिकले असं म्हणत. लुसिया आजारी पडली, शहरातल्या इस्पितळात महिने गेले, आणि त्या खर्चापायी अब्रानने तो माळ विकला. घेणारा कोणी बाहेरचा बडा माणूस. त्याने वरचे सगळे तुकडे जोडून शिकारीची खासगी रँच केली, फाटकाला कुलूप घातलं, पिवळ्या पाट्या ठोकल्या. फर्मिनला ही गोष्ट कुलूप बघून कळली. तो अब्रानच्या दारात गेला आणि सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबांना विकलंस तू." त्यानंतर बोलणं बंद. लुसिया वाचली नाही, तरी बंदच.

एलोइदाने कागद त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो खिडकीशी खुर्चीत होता, नाकात ऑक्सिजनची नळी. चष्मा लावून त्याने वाचलं. कुरणाचं नाव आलं तिथे बोट थांबलं.

"परत दे."

"परत घेत नाहीत."

"खोटं बोलतेस."

"बोलते. तुझ्याशी संसार करायचा तर थोडं बोलावंच लागतं."

"मी त्याच्या दारात मागायला गेलो नव्हतो."

"मी गेले होते. माझं नाक तुझ्याएवढं उंच नाही. आणि ऐक, फर्मिन, जन्मभर परक्यांना बोटानं एल्क दाखवलेस. ज्यांना वारा कुठला तेही कळत नव्हतं त्यांना. आता तुझ्या नावाचा एक कागद आलाय, तर तुला कुरण कुणाचं ते बघायचंय?"

फर्मिनने चष्मा काढून ठेवला. ती वाडीत गेली, सफरचंदं वेचली, परत आली. तो तसाच. पुढचे काही दिवस त्या कागदाचं नाव कोणी काढलं नाही. मग एका दुपारी ती शाळेतून आली तर स्वयंपाकघरात तेलाचा वास. टेबलावर तिच्या चांगल्या टॉवेलावर बंदूक सुटी करून मांडलेली, आणि फर्मिन बंदुकीच्या नळीत काडी घालून फडकं फिरवत होता. दोनदा फिरवायचं, मग धाप लागली की थांबायचं.

"तो टॉवेल माझ्या आईचा होता," एलोइदा म्हणाली.

"मऊ आहे," तो म्हणाला.

तिने तोंड वळवलं, कारण तिला हसू आणि रडू एकदम आलं होतं.

*

हंगामाच्या पहिल्या सकाळी गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. अब्रानने विलोच्या झुडपांच्या आडोशाला गवताच्या गठ्ठ्यांची भिंत रचली होती आणि मोडीत काढलेल्या गाडीचं सीट आणून ठेवलं होतं. त्यावर मेंढीचं कातडं. फर्मिनने ते सगळं एकदा डोळ्यांनी तपासलं. एलोइदाने ऑक्सिजनचं सिलिंडर त्याच्या पायाशी ठेवलं.

"वारा खालून आहे," अब्रान हळूच म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"वारा मला शिकवू नकोस. तुझ्या आधी जन्मलोय मी," फर्मिन म्हणाला.

त्या सकाळी फक्त गाई आल्या, आणि एक कोल्हा. दुसऱ्या सकाळी माद्यांचा कळप ओढ्यापलीकडून निघून गेला. पण बसून बसून दोघांच्या तोंडाला हळूहळू वाट फुटली. एलोइदा गठ्ठ्याला टेकून डोळे मिटल्याचं सोंग करायची आणि ऐकायची. बाबांची आंधळी घोडी. बाबांनी एकदा वाटाड्यालाच एल्क समजून शीळ घातली ती. आईच्या पदार्थांत कोणता कुणाला जास्त मिळायचा.

"तुलाच मिळायचा," फर्मिन म्हणाला. "धाकटा होतास. रडका होतास."

"आणि तू चोरायचास."

"मी राखण करायचो."

दोघं आवाज न करता हसले, आणि हसण्याने फर्मिनला असा खोकला आला की त्या सकाळी जवळपास कुठे एल्क असलाच तर तो पुढच्या डोंगरावर गेला असेल. अब्रान त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. खोकला थांबल्यावरही तो हात त्याने लगेच काढला नाही.

नर आला तो पुढच्या एका सकाळी, ऊन नुकतं माथ्यावरून खाली उतरत असताना. आधी शिंगं दिसली, विलोच्या वर एखादं वाळलं झाड चालत यावं तशी. मग घोड्याच्या मानेएवढी काळपट मान. तो ओढ्यातून वर आला आणि गवतात उभा राहिला, नाकातून वाफ सोडत.

ऑक्सिजनची बारीक सूंसूं चालू होती. नराने कान इकडे फिरवले. फर्मिनने एलोइदाकडे न बघता दोन बोटं फिरवून खूण केली: बंद कर. तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने पुन्हा खूण केली. तिने चावी फिरवली आणि जी शांतता झाली तशी शांतता तिला नंतर कधी सहन झाली नाही.

त्याने बंदूक गठ्ठ्यावर टेकवली. खांदा नीट बसला, गाल नीट बसला, सगळं जुन्या सवयीने. फक्त श्वास त्याच्या हातात राहिला नव्हता. बार झाला तेव्हा छाती भात्यासारखी वर गेली होती.

नर पाठीत वाकला. मग वळला आणि कुरण चढून वर पळत सुटला, वरच्या कुंपणापाशी क्षणभर थबकला, आणि अख्खं अंग उचलून तारांवरून पलीकडे गेला. थोडं चालला. आणि पिवळ्या पाट्यांच्या आत, वडिलांच्या माळावर, खाली बसला. डोकं वर.

एलोइदाने चावी उघडली. फर्मिनचे ओठ निळे पडले होते.

"पोटात लागली," तो म्हणाला. "अब्रान, पोटात लागली."

"बघितलं मी."

दोघांनाही पुढचं सांगायची गरज नव्हती. पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. फर्मिन आयुष्यभर परक्या शिकाऱ्यांना बजावत आला होता: एकदा बंदुकीचा घोडा ओढलात की ते जनावर तुमचं देणं आहे, त्याला तसं टाकून जायचं नाही. पण त्याचा कागद या कुंपणापर्यंतच होता. पलीकडे पाय टाकायचा तर मालकाची परवानगी हवी, इथून गोळी झाडायलाही हवी.

अब्रानने रँचच्या देखरेख्याला फोन लावला. तो लिओनेल, इथलाच, ला होयाचाच. शाळेत असताना एलोइदाच्या खिडकीशी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला येणारा. आता बायकापोरांचा धनी. तो कुंपणाच्या आतून गाडी घेऊन आला, उतरला, नराकडे बघितलं, तिघांकडे बघितलं.

"फर्मिनमामा," तो म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

"आत येऊ दे, लिओनेल. एक गोळी घालतो आणि संपवतो."

"मालकांना विचारल्याशिवाय नाही येता येत. मागच्या साली एकाला सोडलं म्हणून आधीचा देखरेख्या गेला."

"मग विचार."

त्याने फोन लावला. लागला नाही. कचेरीत लावला, तर मालक विमानात होते किंवा बैठकीत होते, एकानं सांगितलं ते दुसऱ्यानं बदलून सांगितलं. लिओनेल गाडीच्या टपावर कोपर टेकून पुनःपुन्हा लावत राहिला. ऊन वर आलं. दहिवर वितळलं. नराने मान खाली टेकवली, आणि आता गेला असं वाटेतो पुन्हा वर उचलली.

"लिओनेल, तूच जा," एलोइदा तारांपाशी जाऊन म्हणाली. "तुझ्या हातानं संपव. तू तर आत आहेस."

"माझ्याकडे टॅग नाही, मामी. मी मारला तर तो चोरीचा होतो." त्याचे डोळे भरले होते. "तुम्हाला वाटतं मला बघवतंय?"

फर्मिन सीटवरून उठला. एका हातात सिलिंडर, एका हातात बंदूक, असा तो कुरण चढत कुंपणापाशी आला. वाटेत किती ठिकाणी थांबला. आला आणि त्याने खालची तार धरली, वाकून पलीकडे सरकायला बघितलं. नळी काट्यात अडकली. तो गुडघ्यांवर आला आणि तसाच राहिला, तोंड उघडं, हवा आत जात नाही असा.

"बस खाली," अब्रान म्हणाला.

"तो तडफडतोय."

"दिसतंय मला."

"मग सोड मला."

अब्रानने वाकून काट्यातून नळी सोडवली, नीट भावाच्या नाकाशी बसवली. मग त्याच्या हातातून बंदूक घेतली. फर्मिनने ती दिली. अब्रानने अंगातलं जाकीट काढून तारांवर टाकलं.

"अब्रानमामा, नको," लिओनेल म्हणाला. "मला कळवावं लागेल."

"कळव. तुझं काम आहे ते."

तो पलीकडे उतरला आणि चालू लागला. घाई नाही, लपणं नाही. त्या माळावर तो विकल्यापासून गेला नव्हता. एलोइदा फर्मिनला धरून बसली होती आणि तिला वाटलं, आता हा कुठे पाय ठेवतो ते याचं यालाच माहीत असणार, प्रत्येक खड्डा, प्रत्येक दगड. नराने त्याला येताना बघितलं आणि उठायचा प्रयत्न केला. बार झाला. मग सगळा माळ गप्प झाला. फर्मिनने डोळे मिटले.

अब्रान परत आला नाही. बंदूक रिकामी करून त्याने बाजूला ठेवली आणि त्या जनावराजवळ गवतात बसून राहिला, वनखात्याची गाडी येईपर्यंत.

अधिकारी तरुण होती, वागायला चांगली. सगळं ऐकून घेतलं तिने. म्हणाली, समजतं मला. आणि तरी जे करायचं ते तिला करावंच लागलं. परवानगीशिवाय आत गेलेला माणूस, टॅग नसलेल्या माणसाने झाडलेली गोळी. नर जप्त, शिंगं जप्त. फर्मिनच्या खिशातला टॅग तिने मागून घेतला. त्याने तो न वापरलेला कागद तिच्या हातावर ठेवला.

"मांसाचं काय करता?" त्याने विचारलं.

"गरजू घरांना वाटतो आम्ही."

"मग आत्ताच साफ करा. पोटाकडून जपून. पहिली गोळी तिथं आहे, फुटलं तर सगळं नासेल. ऊन चढलंय." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. "कुणीतरी खाणार आहे ते."

*

त्या पानगळीत त्यांच्या कोठारात काही लटकलं नाही. फर्मिनने त्या सकाळबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि खुर्चीतून फारसा उठलाही नाही.

पण अब्रान येऊ लागला. पहिल्यांदा लाकडं फोडून टाकायला आला, बाहेरूनच जात होता, एलोइदा ओरडली, "कॉफी काय खिडकीतून फेकू?" तेव्हा आत आला. मग रोज. दोघं भाऊ खिडकीशी बसायचे. हवेबद्दल बोलायचे, गाईंबद्दल, कुणाचा ट्रक कुठे रुतला त्याबद्दल. एलोइदा पिठाचा हात तसाच ठेवून कान द्यायची. तिला वाटायचं, आज निघेल. वरच्या माळाचं आज निघेल. लुसियाचं निघेल. फर्मिनला त्या इस्पितळाचं तेव्हाही माहीत होतं, आणि आपल्याला माहीत होतं एवढं जरी तो म्हणाला तरी पुरे. तो म्हणाला नाही. एके दिवशी त्याने हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दाढी कर माझी. ही बाई माझी सालटी काढते."

अब्रानने गरम पाणी आणलं, साबण फेसला. भावाची हनुवटी दोन बोटांनी वर धरून तो सावकाश वस्तरा फिरवत राहिला, नळीच्या कडेकडेने. फर्मिनने डोळे मिटले होते. अब्रान काहीतरी बोलायला गेला, ओठ हलले. फर्मिनने मिटल्या डोळ्यांनीच म्हटलं, "बोलू नकोस. कापशील." अब्रानने तोंड मिटलं आणि दुसरा गाल केला.

फर्मिन बर्फाच्या दिवसांतच गेला, सकाळी, एलोइदा अंडी फोडत असताना. जमीन इतकी गोठली होती की गावच्या पुरुषांनी आधी शेकोटी पेटवून ती सैल केली, मग खणली. लिओनेलही कुदळ घेऊन आला होता. त्याला कोणी काही बोललं नाही आणि तोही कुणाशी बोलला नाही; खणत राहिला.

अब्रानच्या खटल्याची तारीख वसंतात लागली. एलोइदाने शाळेतून रजा घेतली आणि त्याला आपल्या गाडीतून जिल्ह्याच्या गावी नेलं. त्याने लग्नातला कोट घातला होता. तो खांद्यांत सैल झाला होता. न्यायाधीशाने आरोप वाचून दाखवला, मग विचारलं, काही सांगायचं आहे का.

"नाही," अब्रान म्हणाला. "गेलो होतो मी आत."

दंड झाला. त्याच्या कुरणाचं नाव काही सालांसाठी मालकांच्या सोडतीतून निघालं. दातांच्या डॉक्टरने केव्हाच दुसरीकडचा टॅग धरला होता.

बाहेर येऊन ते गाडीत बसले. एलोइदाने कागदात बांधून आणलेल्या तोर्तियाच्या पोळ्या काढल्या, आत बीन्स आणि हिरवी मिरची. अब्रान समोरच्या काचेतून बघत खात होता. अर्ध्यावर थांबला.

"मी तेव्हाच गेलो असतो ना, वहिनी," तो म्हणाला. "तो नर बसला तेव्हाच. फोन लागायची वाट बघत आम्ही उभे राहिलो. किती वेळ तो डोकं वर करून होता. आणि फर्मिन बघत होता."

त्याच्या तोंडात घास होता आणि रडू आलं. तो तसाच रडला, हातातली तोर्तिया नीट सरळ धरून, आतलं सांडू नये म्हणून.

त्या सकाळी ऑक्सिजनची चावी एलोइदाने बंद केली होती. तो विषय तिने अजून कुणाकडे काढला नव्हता. तिने मागच्या सीटवरून थर्मास घेतला, झाकणात कॉफी ओतली आणि त्याचं रडणं थांबायची वाट बघत ते झाकण हातात धरून बसली. मग तो प्यायला, आणि ते घराकडे निघाले.